हक्काचे पाणी : चवदार तळ्याच्या साडेतेरा वर्षांचा इतिहास

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत आपल्या ज्ञातीतील कर्तबगार स्त्रीपुरुषांची चरित्रे, गुणवंत विद्यार्थ्यांची नावे आणि संस्थेच्या कार्याचा अहवाल यावा हे सर्वथा उचितच होय. परंतु वर्षातून एकदा तरी आपल्या कुंपणापलीकडे दृष्टी टाकावी व इतर बांधवांच्या इतिहासातून आपणास काय घेता येईल याचा विचार करावा, या हेतूने प्रस्तुत लेख ज्ञातिबंधु-भगिनींस सादर करीत आहे.

‘मानवी हक्क’ हा शब्द आज सर्वतोमुखी झाला आहे. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने पॅरिस येथे या हक्कांचा जाहीरनामा मान्य केला. त्याच्या पहिल्याच कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ होणारे शब्द जाऊन ‘सर्व मानव’ हे शब्द आले, ते भारताच्या प्रतिनिधी हंसाबाई मेहता यांच्या आग्रहामुळे, हे आपणास भूषणावह आहे. परंतु त्यापूर्वी एकवीस वर्षे कोकणातील महाड या गावी असाच एक जाहीरनामा निघाला होता, याचे स्मरण आपल्यापैकी थोड्यांनाच असेल. त्याची कथा एका तळ्यापासून सुरू होते.

खरे पाहता तिचा आरंभ शाळेच्या दारात झाला असे म्हटले पाहिजे. जून १८५६ मध्ये धारवाड येथील सरकारी शाळेत एका महार विद्यार्थ्याने प्रवेश मागितला व तो नाकारण्यात आला. शाळा सरकारी, खर्च सर्व प्रजेचा. तरी एका मुलासाठी इतरांना दुखवू नये असाच सरकारचा कल पडला. पुढे वरिष्ठ सत्तेने सरकारी शाळा सर्वांस खुल्या असल्याचे स्पष्ट केले, पण कागदावरचे दार उघडले म्हणून लाकडाचे दार उघडतेच असे नाही. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी त्यापूर्वीच महार-मांगांच्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा काढल्या होत्या, त्या याच कारणाने.

या कागदी हक्काला बळ देण्याचा एक मोठा प्रयत्न मुंबईच्या कायदे कौन्सिलात झाला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडून संमत करून घेतला की, सार्वजनिक पैशाने बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, पाणवठे व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांस मोकळे असावेत. सरकारने पुढील महिन्यात खातेप्रमुखांना तशी आज्ञापत्रे धाडली. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने, अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या कारकीर्दीत, चवदार तळे सर्वांस खुले केले. तरीही तीन वर्षे एकाही अस्पृश्याने त्या तळ्यातून ओंजळभर पाणी घेतले नाही. ठराव झाला, पण तो अमलात आला की नाही हे पाहणारे कोणी नव्हते. ही उणीव ओळखूनच बोले यांनी ऑगस्ट १९२६ मध्ये दुसरा ठराव आणला : ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिला ठराव पाळणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. हक्क जाहीर करणे हे अर्धे काम. तो पाळला जातो की नाही यावर नजर ठेवणे हे उरलेले अर्धे. बोले यांनी हे तत्त्व पुरतेपणी जाणले होते.

इकडे २० जुलै १९२४ रोजी डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या पुढाकाराने मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली होती. तिने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, वाचनालय चालविले, सभा भरविल्या. आधी शिक्षण, मग जागृती आणि त्यातून संघटना असा तिचा क्रम होता. या तयारीची कसोटी १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडास भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत लागली. दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकरांच्या मागे हजारो लोक शिस्तीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. थोड्याच वेळात, ही मंडळी वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी खोटी हूल उठली व परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. पुढे गोमय, गोमूत्र व दूधदह्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा काही स्पृश्य गृहस्थांनी तळे खाजगी असल्याचा दावा लावून न्यायालयाचा मनाई हुकूम मिळविला. मंडपासाठी कोणी हिंदू जागा देईना. ती दिली एका मुसलमान गृहस्थाने. २५ डिसेंबरला परिषद भरली. १७८९ सालच्या फ्रान्सच्या राष्ट्रसभेचा दाखला देऊन डॉ. आंबेडकरांनी आपल्या कार्याचे स्वरूप सांगितले आणि परिषदेने जन्मसिद्ध समान हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. मात्र न्यायालयाचा मान राखून सत्याग्रह तहकूब केला गेला. हजारो क्षुब्ध माणसे जमली असता हा संयम पाळणे किती कठीण, हे सांगणे नलगे.

दाव्याचे गुऱ्हाळ दहा वर्षे चालले. मधल्या काळात १९२८ साली सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीच्या चौकशीसाठी स्टार्ट समिती नेमली. तीत डॉ. आंबेडकर, डॉ. सोळंकी व ठक्करबाप्पा हे सभासद होते. समितीच्या कामासाठी १९२९ मध्ये खानदेशात गेले असता चाळीसगावी डॉ. आंबेडकरांस वाहून नेण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. अखेर टांगा हाकण्याची सवय नसलेल्या एका बांधवाने लगाम हाती घेतला. पुलावर अपघात होऊन डॉ. आंबेडकरांच्या पायाचे हाड मोडले. अन्यायाची नोंद घेण्यास गेलेला चौकशी अधिकारीच त्या अन्यायाची नोंद होऊन परतला!

महाड, ठाणे आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालय अशा तिन्ही ठिकाणी वादी हरले. १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफील्ड यांनी निर्णय दिला की, अस्पृश्यांना वगळण्याची अनादि वहिवाट वादींना शाबीत करता आलेली नाही. लक्षात ठेवावे की हा विजय पुराव्याच्या उणिवेवर मिळाला. अस्पृश्यता हीच बेकायदा असे म्हणावयास २६ जानेवारी १९५० उजाडावे लागले. संविधानाच्या १५व्या कलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट व रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. त्या शब्दांमागे महाडचे पाणी आहे असे वाटल्यावाचून राहत नाही. पुढे १९५५ व १९८९ चे कायदे झाले आणि १९९३ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला.

आता आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी यातून काय घ्यावे? बोले हे भंडारी, टिपणीस व अनंतराव चित्रे हे कायस्थ प्रभू, गं. नी. सहस्रबुद्धे हे ब्राह्मण. यांतील कोणावरही तळ्याचे पाणी बंद नव्हते. तरी ते उभे राहिले आणि स्वजनांचा रोष त्यांनी पत्करला. दावा लावणारेही कोणी दुष्ट राक्षस नव्हते. तुमच्या-आमच्यासारखे, वहिवाटीलाच धर्म मानणारे गृहस्थ होते. आपण त्या वेळी महाडास असतो तर कोणत्या बाजूस असतो, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस एकांतात विचारावा.

आपली संस्था आपल्या मुलांना शिष्यवृत्त्या देते, वसतिगृहाची सोय पाहते. ते करावेच. पण त्या मुलांना संविधानातील हक्कांची कलमेही शिकवावीत. आपल्या गावच्या पाणवठ्यावर, शाळेत, देवळात कोणास वेगळे बसविले जात नाही ना, यावर डोळा ठेवावा. आणि तसे आढळल्यास, करणारा आपला ज्ञातिबांधव असला तरी, त्यास प्रथम समजावून व मग उघडपणे विरोध करावा. ज्ञातीचा अभिमान याहून निराळ्या रीतीने टिकणार नाही. इत्यलम्.