दुष्काळातील विनामूल्य सल्ला

पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झाली. तिचे संस्थापक गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबारास खादी परिधान करून गेले, ही गोष्ट कापडाच्या पेढीवर आजही सांगण्याजोगी आहे. परंतु काकांच्या पश्चात सभेने केलेले एक कार्य त्याहूनही मोलाचे मानावे लागेल.

१८९६ साली मुंबई इलाख्यात दुष्काळ पडला. पीक बुडाल्यास साऱ्यात सूट वा तहकुबी देण्याची तरतूद सरकारच्याच दुष्काळ संहितेत होती. शेतकऱ्यास मात्र तिचा पत्ता नव्हता. तो बिचारा गुरे विकून सारा भरी. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने सभेने त्या तरतुदी मराठीत छापून वाटल्या. कार्यकर्ते गावोगाव हिंडले, सभा भरवून समजावू लागले : कर्ज काढून सारा भरू नका, रीतसर अर्ज करा. या सल्ल्यासाठी शेतकऱ्यास एक पैही मोजावी लागली नाही.

सांगितले ते सरकारी कायद्यातलेच, तरीही ते सरकारला रुचले नाही. काही कार्यकर्त्यांवर खटले भरले गेले आणि १८९७ साली सभेची सरकारी मान्यता काढून घेण्यात आली.