खवलचोराचं घराणं

सातारा-सांगलीकडच्या कृष्णेच्या खोऱ्यात एक मिशाळ मासा आहे, वीतभरसुद्धा नाही. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खायचे, हा त्याचा धंदा. स्वतःच्या अंगावर मात्र एकही खवला नाही. मिशाळ मासे सगळेच बिनखवल्यांचे. मराठीत त्याचं नाव सरळ आरोपच करतं : खवलचोर.

मराठी नावं लॅटिनच्या वहीत चढवायची चाल जुनी. कर्नल साइक्सनं 1839 मध्ये दख्खनच्या माशांवर लिहिलं तेव्हा ताकरी, घुंगवारी ही इथली नावं त्याच्या कानाला आली तशी ‘ताक्री’, ‘गूंगवारी’ होऊन शास्त्रात शिरली. खवलचोराला थांबावं लागलं 1952 पर्यंत. त्या वर्षी डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’मध्ये त्याच्यासाठी नवी प्रजातीच उभी केली, ‘निओट्रोपिअस’. जातीचं नाव मात्र नदीकाठचंच ठेवलं : ‘निओट्रोपिअस खवलचोर’. कूळ शिल्बिडी.

पुढे भाऊबंदकी निघाली. ब्रह्मदेशातला एक मासा त्याच प्रजातीत येऊन बसला. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की या गोतावळ्याला स्वेन्सननं 1838 मध्येच ‘पॅकिप्टेरस’ हे नाव देऊन ठेवलं होतं. वर्गीकरणात जुन्या नावाचा मान पहिला, त्यामुळे ‘नवा’ सांगणारं ‘निओ’ मोडीत निघालं. कूळही बदललं, आता ते होराबॅग्रिडी. हे नाव मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरांवरून आलेलं. याच होरांच्या नावे कुलकर्ण्यांनी 1940 मध्ये मुंबई प्रांतातल्या एका चिमुकल्या माशाची ‘होराइक्थिस’ ही प्रजाती केली होती. तीही 2008 मध्ये ‘ओरायझियास’मध्ये विलीन झाली. कुलकर्ण्यांच्या दोन्ही प्रजाती बुडाल्या, हे मला जरा लागतं. पण प्रजाती म्हणजे अभ्यासकाचं मत, आणि मत फिरतं. जातीचं नाव नियमानं माशाच्या मागे जातं, म्हणून घर बदललं तरी ‘खवलचोर’ त्याच्याबरोबर गेलं.

चोरीचा आरोप तपासायचा राहिलाच होता म्हणा ना. खवले खाऊन जगणारे मासे जगात थोडेच; गाजले ते आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातले. 2018 मध्ये महाराष्ट्रातल्या संशोधकांनी या माशाचं वागणं, तोंडाची ठेवण आणि पचन एकत्र अभ्यासलं. आरोप खरा निघाला. निबंधाच्या शीर्षकात नाव होतं ‘पॅकिप्टेरस खवलचोर’.