ईश्वराचें संगोपन व त्याची क्षमा : कल्याणच्या प्राचीन मंडळीपासून आपल्या धर्मग्रामापर्यंत



ज्युबिली ह्या शब्दाचें मूळ इब्री भाषेंत आहे. एडक्याच्या शिंगास इस्राएली लोक योबेल म्हणत. लेवीय ह्या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत सांगितल्याप्रमाणें दर पन्नासाव्या वर्षीं हें शिंग देशभर फुंकलें जाई. मग दास मुक्त होत, आणि कर्जापायीं गमावलेली जमीन ज्याच्या त्याच्या कुळाकडे परत जाई. जमीन कोणाच्या चुकीनें गेली, ह्याची चौकशी त्या वर्षीं होत नसे. ज्युबिलीचा खरा अर्थ हा आहे. दिवे, पताका व मिरवणूक हीं त्याचीं बाह्य चिन्हें होत.

ह्या आनंदाच्या प्रसंगीं आम्ही एक जुना प्रश्न हातीं घेणार आहों. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या तिन्ही गांवीं तो धर्मगुरूच्या कानीं वारंवार पडतो. कारखाना बंद पडून नोकरी जाते, घरांतील कर्ता पुरुष अकालीं निघून जातो, लेकीचा संसार मोडतो, आणि मनुष्य विचारतो, "फादर, देवानें मला टाकलें काय? कोणत्या पापाची ही शिक्षा?" कांहीं जण तर उत्तराची वाटही पाहत नाहींत. आपण दोषी ठरलों, असें मनाशीं धरून ते हळूहळू मिस्सेस येणें सोडतात. हा प्रश्न आजचाच नव्हे. ख्रिस्तसभेच्या इतिहासांत तो पुन्हां पुन्हां उभा राहिला आहे, आणि आपल्या ह्या परिसराच्या इतिहासांतही त्याचें उत्तर शोधतां येतें.

प्रथम श्रद्धेचें तत्त्व पाहूं. संत तोमास आक्विनास ह्यांनीं तेराव्या शतकांत विचारलें आहे कीं, परमेश्वरानें सृष्टि एकदां निर्माण केली म्हणजे ती आपोआप टिकते काय? अंबरनाथचें शिवमंदिर आपण सर्वांनीं पाहिलें आहे. त्याच्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काळ कोरलेला आहे. ज्या पाथरवटांनीं तें बांधिलें ते कधींच मातीस मिळाले, तरी मंदिर उभें आहे. घर बांधणाऱ्यावांचून घर टिकतें. परंतु मनुष्य व परमेश्वर ह्यांचें नातें तसें नाहीं, असें संत तोमास सांगतात. तें सूर्य व हवेंतील उजेड ह्यांच्यासारखें आहे. सूर्य मावळला कीं हवेंत उजेड क्षणभरही उरत नाहीं. त्याचप्रमाणें परमेश्वरानें आपला आधार काढून घेतला, तर आपण त्याच क्षणीं नाहींसे होऊं. तेव्हां ज्या मनुष्यास वाटतें कीं देवानें आपणांस टाकलें, त्याचा चाललेला श्वासच त्याच्या म्हणण्यास खोटें पाडतो. इ. स. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनेंही हेंच शिकविलें कीं, परमेश्वरानें जें जें निर्मिलें तें तें तो आपल्या कृपादृष्टीनें राखतो व चालवितो.

आतां कोणी म्हणेल, "तत्त्व ठीक आहे, परंतु अनुभव निराळा." ह्या आक्षेपास बळकटी देणारें उदाहरण आपल्या दाराशींच आहे. सहाव्या शतकांत अलेक्झांड्रिया नगराचा कॉस्मस नांवाचा एक व्यापारी होता. तो पुढें संन्यासी झाला. इ. स. ५५० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत तो सांगतो कीं, भारताच्या किनाऱ्यावरील कल्याण नांवाच्या स्थळीं ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप इराणांतून नेमला जातो. पुष्कळ विद्वान हें स्थळ म्हणजे उल्हास नदीच्या कांठचें आपलें कल्याणच, असें मानतात. तसें असेल तर गोव्यास पोर्तुगीज येण्यापूर्वीं सुमारें साडेनऊशें वर्षें येथें प्रभूची प्रार्थना होत होती. त्या मंडळीचें काय झालें? तिचें एक मंदिर नाहीं, एक थडगें नाहीं. शिलाहारांचा दगड राहिला, आणि ख्रिस्ती मंडळीचें नांव मात्र एका परदेशी व्यापाऱ्याच्या पुस्तकांत उरलें.

पुढें इ. स. १३२१ मध्यें ठाणें येथें चार फ्रान्सिस्कन संन्याशांना आपले प्राण द्यावे लागले. तोलेन्तिनोचे तोमास, पादुआचे याकोब, सिएनाचे पेत्र व तिफ्लिसचे देमेत्रियुस हीं त्यांचीं नांवें. त्यांचे सोबती जॉर्डानस नांवाचे डोमिनिकन धर्मगुरु होते. त्यांनीं त्या चौघांचे देह पुरले. नंतर ठाण्यास आलेले ओदोरिक नांवाचे संन्यासी लिहितात कीं, तेथें नेस्तोरीय ख्रिस्ती लोकांचीं पंधरा घरें होतीं, आणि ह्या पाहुण्यांना आसरा मिळाला तो त्यांच्याच येथें. तीं पंधरा घरेंही काळाच्या ओघांत दिसेनाशीं झालीं.

ह्याच्या उलट वसईचें उदाहरण आहे. इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांच्या सैन्यापुढें वसईचा किल्ला पडला. पोर्तुगीज सत्ता गेली, यूरोपीय धर्मगुरु निघून गेले, मोठमोठीं मंदिरें ओस पडलीं. राजाश्रयावर उभी असलेली ही मंडळी आतां लयास जाणार, असें कोणालाही वाटलें असतें. परंतु थोडेसे देशी धर्मगुरु मागें राहिले, आणि घरोघरीं मातांनीं मुलांस क्रुसाची खूण शिकविणें सोडलें नाहीं. त्याच वसईच्या मातींत जन्मलेले आणि इ. स. १५९७ मध्यें नागासाकी येथें हुतात्मे झालेले गोन्सालो गार्सिया ह्यांस इ. स. १८६२ मध्यें संतपद मिळालें, आणि इ. स. १९९८ मध्यें वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

मग काय म्हणावें? वसईकर पुण्यवान म्हणून राखले गेले, आणि कल्याणकर पापी म्हणून बुडाले? असा हिशेब मांडण्याची सवय मनुष्यास फार जुनी आहे, आणि प्रभूनें तो स्पष्ट शब्दांत मोडून काढला आहे. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसें मेल्याची गोष्ट आहे. तीं माणसें यरुशलेमच्या इतर रहिवाशांहून अधिक अपराधी होतीं काय, असें विचारून प्रभूनें स्वतःच नाहीं असें उत्तर दिलें. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं पाप कोणाचें म्हणून पृच्छा केली, तेव्हांही प्रभूनें त्याला किंवा त्याच्या आईबापांना दोष लावला नाहीं. तात्पर्य, संकट हा परमेश्वराचा निकाल नव्हे. कल्याणची मंडळी आमच्या दृष्टीआड झाली. परमेश्वराच्या दृष्टीआड झाली नाहीं. ज्यांचें नांव कोणत्याही नोंदवहींत नाहीं, त्यांस त्यांचा निर्माता विसरला, असें श्रद्धावंतास म्हणतां येणार नाहीं. संगोपन म्हणजे भिंतींचें व सत्तेचें संरक्षण नव्हे. मनुष्याला हातचें न सोडणें म्हणजे संगोपन.

हें संकटाविषयीं झालें. परंतु ज्याच्या हातून खरोखरच पाप घडलें आहे, त्याचें काय? येथेंही इतिहास बोलतो. इ. स. २५० मध्यें सम्राट देसियुस ह्यानें देवतांना बळी अर्पण करण्याची सक्ती केली. पुष्कळ ख्रिस्ती लोक भयानें डगमगले, आणि छळ ओसरतांच रडत परत आले. रोमचा नोवातियान नांवाचा विद्वान धर्मगुरु म्हणूं लागला कीं, अशांस ख्रिस्तसभेंत पुन्हां थारा नाहीं. पोप कोर्नेलियुस व कार्थेजचे बिशप सिप्रियान ह्यांनीं उलट ठरविलें कीं, प्रायश्चित्त घेतल्यावर त्यांस परत घ्यावें. हे दोघेही पुढें संतपदास पोहोंचले, आणि मिस्सेच्या प्राचीन रोमन प्रार्थनेंत त्यांचीं नांवें शेजारीं शेजारीं घेतलीं जातात. नोवातियानाच्या अनुयायांनीं आपणांस "शुद्ध" हें नांव घेतलें होतें. इ. स. ३२५ च्या नायसिया येथील परिषदेनें त्यांना परत येण्याची वाट मोकळी ठेविली. अट एवढीच कीं, ज्यांना ते पतित म्हणत त्यांच्याशीं त्यांनीं एका पंगतीस बसावें.

व्यभिचारांत सांपडलेल्या स्त्रीची कथा तुम्हांस ठाऊक आहे. दगड घेऊन आलेले लोक एकेक करून निघून गेले, आणि जो एकटा निर्दोष होता त्यानें तिला दोषी ठरविलें नाहीं. संत योहानच्या शुभवर्तमानाच्या अत्यंत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ही कथा आढळत नाहीं. संत आगुस्तीन ह्यांचें मत असें कीं, ह्या कथेनें बायकांना पाप करण्यास मोकळीक मिळेल अशा भयानें कांहीं जणांनीं ती आपल्या पोथ्यांतून काढून टाकिली असावी. क्षमेची भीति मनुष्यास किती वाटते, हें ह्या मतावरून दिसतें! तथापि ख्रिस्तसभेनें ही कथा राखिली, आणि आजही उपवासकाळांत ती वेदीजवळून वाचली जाते.

सतराव्या शतकांत हीच भीति निराळ्या रूपानें आली. कॉर्नेलियुस यान्सेन ह्यांचा ग्रंथ इ. स. १६४० मध्यें प्रसिद्ध झाला, आणि त्यांच्या अनुयायांत अशी कडक शिकवण पसरली कीं, भाविक जन आपणांस अपात्र समजून प्रभूच्या मेजापासून दूर राहूं लागले. ख्रिस्त केवळ निवडक लोकांसाठीं मेला, हें मत पोप दहावे इनोसंट ह्यांनीं इ. स. १६५३ मध्यें त्याज्य ठरविलें. तरी ती थंडी निघून जाण्यास फार काळ लागला. शेवटीं पोप दहावे पायस ह्यांच्या काळीं, २० डिसेंबर १९०५ रोजीं, वारंवार, किंबहुना रोजही ख्रिस्तशरीर स्वीकारण्याचें आमंत्रण सर्वांस मिळालें. आणि ८ ऑगस्ट १९१० च्या आज्ञापत्रानें सुमारें सात वर्षांच्या, समज आलेल्या बालकांसही तो मान मिळाला. आपल्या मंदिरांत पांढरा पोशाख घालून जीं मुलें पहिल्या कम्युनियनला उभीं राहतात, त्यांच्यामागें हा इतका इतिहास आहे.

आणखी एक गोष्ट लक्षांत घ्या. ख्रिस्तसभेनें शेंकडों स्त्रीपुरुषांस संत म्हणून जाहीर केलें आहे. परंतु अमुक एक मनुष्य नरकांत गेला, असें तिनें नांव घेऊन आजवर कधींही जाहीर केलेलें नाहीं. नरक आहे, हें ती शिकविते; त्यांत कोण आहे, हें सांगण्याचा अधिकार ती आपणांकडे घेत नाहीं. जें ख्रिस्तसभा करीत नाहीं तें आपण आपल्या शेजाऱ्याविषयीं, किंवा स्वतःविषयीं, करूं नये.

ह्यावरून पाप क्षुल्लक आहे, असें कोणीं समजूं नये. प्रभूनें त्या स्त्रीस सोडिलें, परंतु पुन्हां पाप न करण्याची आज्ञा देऊन सोडिलें. वैद्य रोग्याचा तिरस्कार करीत नाहीं, म्हणून तो रोगाशीं सलोखा करतो असें नव्हे. दुसऱ्यास लुबाडणारा, बायकोस मारणारा, मजुराची मजुरी बुडविणारा ह्यांनीं क्षमेच्या आड लपूं नये. क्षमा त्यांस उठवून नुकसान भरून देण्यास धाडते. जखईनें तेंच केलें.

आतां आपल्या गांवांकडे वळूं. इ. स. १९४७ मध्यें फाळणीच्या वणव्यांतून सिंधी बांधव घरदार सोडून आले, आणि दुसऱ्या महायुद्धासाठीं उभारलेल्या कल्याणच्या लष्करी छावणींत, बराकींतून, त्यांनीं संसार मांडिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ति राजगोपालाचारी ह्यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसली, आणि कॅम्पाचें उल्हासनगर झालें. सर्वस्व गमावलेले ते लोक ईश्वरानें धिक्कारलेले होते काय? त्यांच्याच शेजारीं, कारखान्यांच्या व रेल्वेच्या आधारानें, कोणी वसईहून, कोणी गोव्याहून, कोणी मंगळूरहून, कोणी केरळ वा तामिळनाडूहून आलेलीं आपलीं कुटुंबें वसलीं. बहुतेकांच्या मागें गरिबी होती. पुढें केवळ आशा होती. आपला धर्मग्राम अशाच विस्थापितांचा व पाहुण्यांचा बनला आहे.

उल्हास नदीनेंही आपली परीक्षा घेतली. २६ जुलै २००५ चा पूर येथील वडीलधाऱ्यांच्या स्मरणांतून जाणार नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी ह्यांच्यामध्यें पाण्यानें वेढली गेली. गाडींत हजाराहून अधिक उतारू होते. आपत्तिनिवारण दलाच्या जवानांनीं, नौदलानें व आसपासच्या ग्रामस्थांनीं त्यांस सुखरूप बाहेर काढिलें. काढतांना कोणीं त्यांची जात, धर्म किंवा पूर्वचरित्र विचारलें नाहीं. जे वांचले ते अधिक पुण्यवान नव्हते, आणि २००५ सालीं जे वाहून गेले ते अधिक पापी नव्हते. शिलोहच्या बुरुजाखालीं प्रभूनें दिलेलें उत्तर उल्हासच्या कांठींही तेंच आहे. परमेश्वर पुष्कळदां मनुष्याच्याच हातांनीं मनुष्यास सांभाळतो. म्हणून आपले हात रिकामे ठेवण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

प्रिय बंधुभगिनींनो, ह्या ज्युबिलीनिमित्त आपली एकच विनंती आहे. आपल्या आळींत, आपल्या चाळींत, कदाचित् आपल्याच घरांत कोणी असेल, कीं ज्यानें आपणांस टाकलेला समजून मंदिराची पायरी सोडिली आहे. त्याच्याकडे जा. त्याला बोल लावूं नका, उपदेशाची पोथी उघडूं नका. त्याची जागा रिकामी आहे, एवढें सांगा, आणि त्याला हातीं धरून घेऊन या. पापनिवेदनासाठीं धर्मगुरूचें दार उघडें आहे. तेथें न्यायासन नसून पित्याचा उंबरठा आहे.

ज्या परमेश्वरानें कल्याणच्या अनाम भाविकांना आपल्या स्मरणांत राखिलें, वसईच्या मातांच्या ओठांवर प्रार्थना जिवंत ठेविली, आणि निर्वासितांच्या छावणींतून नगर वसविलें, तो तुम्हांआम्हांस राखो. आणि पवित्र मारियेच्या मध्यस्थीनें आपणां सर्वांस एका मेजाभोंवतीं एकत्र ठेवो. आमेन.