पुढे सरकून बसा

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही घरची मंडळी भिगवणला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला गेलो होतो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. उजनीच्या फुगवट्याचं पाणी, पहाटेचं धुकं, आणि काठावर अल्युमिनियमच्या पत्र्याची एक होडी, मागे छोटंसं इंजिन. आम्ही नऊ जण. होडीवाला दादा म्हणाला, "दोन होड्या करा." मी म्हटलं, "एवढंसं तर अंतर आहे, बसू की एकाच होडीत." थोडी घासाघीस झाली आणि मी जिंकले!

होडी निघाली खरी. इंजिन नुसतं ओरडत होतं, होडी काही सरकेना. नाक वर, आणि मागची कड पाण्यापासून जेमतेम चार बोटं. दादा ओरडला, "मावशी, तुम्ही दोघी पुढे सरकून बसा!" आम्ही सरकलो. नाक खाली आलं, इंजिनाचा आवाज भरीव झाला आणि होडी चालायला लागली. तो आवाज ऐकला आणि मला एकदम बाबा आठवले.

आमच्या घरच्यांना ठाऊक आहे, पण इतरांसाठी सांगते. बाबांनी खडकीच्या एका वर्कशॉपात होडीची इंजिनं दुरुस्त करण्यात सगळी नोकरी काढली. दुरुस्त झालेलं इंजिन पाण्याच्या पिंपाला लावून चालवून बघायचे. "पिंपात सगळीच इंजिनं गुणी असतात, होडीला लावली की खरी कळतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गंमत म्हणजे त्यांना पोहता येत नव्हतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ते दहा वर्षांचे होते. नारायण पेठेतलं घर गेलं, आणि पाण्याची भीती तेवढी कायमची राहिली.

होडीच्या मागे टांगायच्या या इंजिनाची गोष्ट मात्र ते रंगवून सांगत. १८८१ मध्ये गुस्ताव्ह त्रुव्हे नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसला सीन नदीत विजेवरची मोटर लावलेली होडी चालवली. मोटर काढता-घालता येणारी होती. पण धंदा जमवला तो ओले एव्हिनरूडने. नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला कारागीर. असं सांगतात की सहलीला गेला असताना प्रेयसी बेसला आइस्क्रीम हवं झालं, हा तळं वल्हवत पार करून घेऊन आला, तोवर त्याचं पाणी झालं होतं! खरं-खोटं देव जाणे. पण १९०९ मध्ये त्याने दीड अश्वशक्तीचं इंजिन विकायला काढलं, वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो. जाहिराती आणि हिशेब बेसकडे. पुढे तिची तब्येत बिघडली म्हणून त्याने कंपनी विकली, आणि १९२१ मध्ये दोघं नवं इंजिन घेऊन परत आले. त्यात अल्युमिनियम भरपूर वापरलेलं. वजन ४८ पौंड, ताकद तीन अश्वशक्ती. ताकद दुप्पट आणि वजन कमी. बाबा इथे थांबून आमच्याकडे बघायचे, जणू हा शोध त्यांनीच लावला होता.

होड्या सर्रास अल्युमिनियमच्या व्हायला दुसरं महायुद्ध संपत यावं लागलं. ग्रुमन ही लढाऊ विमानं बनवणारी कंपनी. तिथल्या एका अधिकाऱ्याला १९४४ मध्ये सुट्टीत जड होडी खांद्यावर वाहावी लागली, आणि त्याला विमानाचा पत्रा आठवला. १९६० मध्ये यामाहाचं पहिलं इंजिन आलं. एव्हिनरूडचं उत्पादन मात्र २०२० मध्ये कायमचं बंद झालं. ते बघायला बाबा नव्हते, बरंच झालं.

पुणं तसं वल्ह्यांचं गाव. इंजिनियरिंग कॉलेजचा बोट क्लब १९२८ चा, त्यांची रेगाटा बघायला बाबा आम्हाला संगमावर न्यायचे. "वल्हवणाऱ्याला माणूस जास्त झाला की हाताला कळतं. इंजिनाला कळतं, पण त्याची भाषा आपल्याला समजत नाही," असं म्हणायचे.

ती भाषा त्यांनी मला थोडी शिकवली होती. इंजिन फार खाली बसवलं तर पाण्याची ओढ वाढते, फार वर बसवलं तर पंखा हवा खातो, आवाज चढतो पण होडी जागेवर. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. पंख्यावर दोन आकडे असतात: एक व्यासाचा, दुसरा एका फेऱ्यात तो पाण्यात किती इंच पुढे घुसेल त्याचा. ओझं जास्त असेल तर हा दुसरा आकडा लहान हवा, जसं चढावर सायकलचा गिअर उतरवतो तसं. पत्र्याच्या होडीचे रिबिट ढिले होऊन तळाला पाणी साचतं. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलोचा फुकट्या प्रवासी. आणि वजन मागे साठलं की होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू शकत नाही, नाक वर करून पाणी नांगरत बसते. म्हणून आधी माणसं नीट बसवा, मग इंजिनाला नावं ठेवा.

हे सगळं मला पाठ होतं हो. तरीही त्या दिवशी चार पैसे वाचवायला मी नऊ माणसं एका होडीत कोंबली, लाइफ जॅकेटही मागितलं नाही. त्यात माझा आठ वर्षांचा भाचा होता.

२१ मे २०२४ ला त्याच उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला येणारी होडी वादळात उलटली. सहा माणसं गेली. तिथे कारण वाऱ्याचं होतं, आमच्यासारखं नव्हतं, हे मला कळतं. पण ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीजवळ ब्रह्मनाळला सुटकेसाठी निघालेली होडी उलटली, तिच्यात तर क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. त्या बिचाऱ्यांचा जीव टांगणीला लागलेला, त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती. मला होती. दुसरी होडी काठावर बांधलेली होती.

त्या रात्री बातमी बघून मला झोप लागली नाही. चार बोटं, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

या जानेवारीत परत गेलो. पाच जण आणि चार जण, दोन होड्या, सगळ्यांना जॅकेटं. भाचा कुरकुरला की ते टोचतं. दादाने मला ओळखलं नाही. इंजिन सुरू करून त्याने मागे वळून पाहिलं, बहुधा तेच सांगायला.

मी आधीच पुढे बसले होते.