नायगावची लेक आणि इंग्रजीची वाट

खंडाळा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लोणावळ्याशेजारचा घाट उभा राहतो. प्रस्तुत लेखातील खंडाळा तो नव्हे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते आणि पुढे खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी जे गाव येते, ते हे खंडाळा, सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. याच तालुक्यातील नायगावी, खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी, ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला.

या १८३१ सालाला आणखीही एका दृष्टीने महत्त्व आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश याच वर्षी मुंबईत छापून प्रसिद्ध झाला. पुढे ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे आणि मोल्सवर्थचा कोश संक्षिप्त करून १८६३ साली विद्यार्थ्यांच्या हाती देणारे बाबा पदमनजी यांचा जन्मही याच वर्षी बेळगावी झाला. कुणबी-माळ्यांच्या घरात अक्षर पोहोचायचे होते आणि तिकडे मराठीच्या हजारो शब्दांना इंग्रजी अर्थ मिळाले होते. या दोन गोष्टींची गाठ कशी पडली आणि त्यातून आपल्या मुलाबाळांच्या शिक्षणासाठी काय घेण्याजोगे आहे, हे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

त्या काळी मराठी मुलाने इंग्रजी शिकायचे म्हणजे काय साधने असत? मोल्सवर्थ यांचा कोश मुळात मराठी शिकणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी रचलेला. जॉर्ज आणि टॉमस कँडी हे जुळे बंधू आणि शास्त्रीमंडळी यांच्या साहाय्याने त्यात सुमारे चाळीस हजार शब्द गोळा झाले; १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते साठ हजारांच्या घरात गेले. परंतु इंग्रजी शब्द अडला तर तो शोधण्याची सोय त्यात नव्हती. ती सोय १८४७ साली, मोल्सवर्थ व टॉमस कँडी यांच्या इंग्रजी-मराठी कोशाने झाली. त्याआधी ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले होते. त्याच्या पानावर एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर असे. दोन्ही स्तंभ ताडून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ते एक प्रकारचे पाठ्यपुस्तकच होते. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण आले आणि आपल्याच भाषेची घडण कशी आहे, हे विद्यार्थ्याला नियमांनी कळू लागले. परकी भाषा शिकताना याचा केवढा उपयोग होतो, हे शिकविणाऱ्यांना ठाऊक आहे.

ही सारी साधने एका गोष्टीत सारखी होती. इंग्रजी शब्दाकडे जाण्याचा रस्ता मराठी शब्दावरून जात होता.

सावित्रीबाईंच्या बालपणीची एक कथा चरित्रांतून सांगितली जाते. शिरवळच्या आठवड्याच्या बाजारात एका मिशनरी गृहस्थांनी या मुलीला एक पुस्तक दिले. तिला अक्षरओळख नव्हती. तरी ते पुस्तक तिने जपले आणि लग्नानंतर सासरी नेले, अशी ही कथा. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, तिचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. जोतीरावांचे वय तेव्हा तेरा होते.

जोतीरावांचे शिक्षणही तेव्हा खंडित झालेले होते. माळ्याच्या मुलाला विद्या कशाला, या लोकांच्या बोलण्याला बळी पडून वडील गोविंदराव यांनी त्यांना शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले होते. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन परिचितांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. १८४७ पर्यंत त्यांचे शिक्षण तेथे झाले. एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती शेजारी मध्ये पडले नसते, तर महाराष्ट्राचा पुढील इतिहास काही वेगळा झाला असता, असे म्हणावे लागेल.

शाळा संपण्याच्या सुमारास जोतीरावांनी थॉमस पेन यांचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. या पुस्तकाच्या नावातील पहिल्याच शब्दापाशी आपण क्षणभर थांबू. ‘राइट्स’ला मराठीत काय म्हणावे? ‘हक्क’ हा शब्द मराठीत शतकानुशतके होता. अरबी-फारसीतून येऊन तो दप्तरात रुळला होता. परंतु तेथे तो वतनदाराचा होता. पाटलाचा हक्क, देशमुखाचा हक्क, कुलकर्ण्याचा हक्क. म्हणजे गावाच्या उत्पन्नातील ठरलेला वाटा, तोही जन्माने मिळालेला. ज्याला वतन नाही त्याला हक्क कसला? आता इंग्रजी पुस्तक सांगत होते की, केवळ मनुष्य म्हणून जन्माला आलेल्या प्रत्येकाला हक्क असतात. विद्यार्थ्याच्या वहीत येथे एक शब्द वाढला, असे वरवर दिसते. वास्तविक त्याच्या मायबोलीतील जुन्याच शब्दाचा अर्थ पाटलाच्या वाड्यातून निघून महारवाड्यापर्यंत विस्तारला. शब्दसंपदा वाढणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

जोतीराव जे शिकत, त्यातले ते घरी शिकवीत. सावित्रीबाई आणि जोतीरावांचा सांभाळ करणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागर या त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनी. पुढे सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या मित्रांनीही सावित्रीबाईंच्या अभ्यासाला हातभार लावला. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे मिस सिंथिया फरार या अमेरिकन मराठी मिशनच्या बाई मुलींच्या शाळा चालवीत. त्यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा त्या तेथे शिक्षिका होत्या. विवाहाच्या वेळी अक्षरशून्य असलेली नायगावची मुलगी आठ वर्षांत फळ्यापुढे उभी राहिली. अंगावर शेणमाती झेलत शाळेला जाणाऱ्या सावित्रीबाई आपण सर्वांना ठाऊक आहेत. त्यामागच्या या आठ वर्षांच्या अभ्यासाची आठवण मात्र फारशी होत नाही.

१८५४ साली त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात ‘इंग्रजी शिका’ आणि ‘इंग्रजी माऊली’ अशा शीर्षकांच्या कविता आहेत. परक्या राज्यकर्त्यांच्या भाषेला माऊली म्हणणे आज कोणाला खटकेल. पण ज्या समाजाला संस्कृत पाठशाळेचा उंबरा ओलांडता येत नव्हता, त्याला हे नवे दार जात न विचारता उघडणारे वाटले, यात नवल ते काय? मायबोलीचा अभिमान सांगताना हा अनुभव आपण विसरू नये. ज्यांच्या घरी दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांनी वंचितांना ‘इंग्रजीचा सोस कशाला?’ असे विचारणे बरे नव्हे.

त्याचबरोबर हेही ध्यानात घ्यावे की, इंग्रजी शिका हे सावित्रीबाईंनी मराठीत सांगितले. ज्यांना सांगायचे ते मराठी जाणत होते, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणारी भाषा त्यांनी सोडली नाही. १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात नायगावी भावाशी झालेला वाद त्यांनी कळविला आहे. महार-मांगांना शिकविता म्हणून भावाने दोष दिला. त्याला त्यांनी माहेरच्याच भाषेत, शांतपणे आणि युक्तिवादाने उत्तर दिले. विद्येने आलेले विचार घरच्या माणसाला घरच्या शब्दांत समजावून सांगता येणे, ही विद्यार्थ्याच्या प्रगतीची खरी परीक्षा होय. सावित्रीबाई त्या परीक्षेत उतरल्या.

१६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्यात विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा शाल देऊन सरकारी सत्कार झाला. सत्कार करणारे होते मेजर कँडी. ज्यांच्या परिश्रमातून पाच वर्षांपूर्वी इंग्रजी-मराठी कोश बाहेर पडला होता, तेच टॉमस कँडी. कोशकाराने शब्दाशेजारी शब्द मांडून ठेवले. फुले दांपत्याने ज्यांना एकही अक्षर येत नव्हते त्यांच्यापर्यंत ते नेले.

याच सुमारास मुंबईत एक मोठा वाद चालू होता. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे मत होते की, शिक्षण इंग्रजीतून द्यावे. मंडळाचे सभासद जगन्नाथ शंकरशेट यांनी १८४७ साली त्याला विरोध केला. देशी भाषांतून शिकविले तरच विद्या बहुजनांपर्यंत पोहोचेल, असे त्यांचे म्हणणे होते आणि कर्नल जर्व्हिस हे इंग्रज सभासदही त्यांच्या बाजूने होते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने उच्च शिक्षणाला इंग्रजी आणि सामान्य जनतेच्या शिक्षणाला देशी भाषा, अशी वाटणी केली. कागदावर ती समंजस दिसते. प्रत्यक्षात पैसा वरच्या शिक्षणाकडे गेला आणि खेड्यातील शाळा उपाशी राहिली.

या अन्यायावर बोट ठेवले ते जोतीरावांनीच. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी म्हटले की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, व्याकरण, इतिहास, भूगोल, शेती, नीती आणि आरोग्य हे विषय मुलांना शिकवावेत, असेही सुचविले. निवेदन इंग्रजीत होते. मागणी होती खेड्यातील मुलाला त्याच्या लिपीत आणि त्याच्या जीवनाशी निगडित शिक्षण मिळण्याची. १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’तही हीच रीत दिसते. ग्रंथ मराठीत, प्रस्तावना इंग्रजीत आणि अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना. इंग्रजीने ते जगाशी बोलले, मराठीने आपल्या माणसांशी. एका भाषेपायी दुसरी टाकावी, असे त्यांना कधी वाटले नाही.

आपल्या ख्रिस्ती परंपरेत याच साधनेचे उलट दिशेचे उदाहरण आहे. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. साष्टीच्या खेड्यांत लोकांमध्ये राहून ते भाषा शिकले आणि १६१६ साली राचोल येथे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ. जात्यावरच्या बाईची आणि संतांची ओवी त्यांनी उचलली. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा श्रोत्यांच्या ओठावरचा शब्द योजला. त्यांच्या हाताशी मोल्सवर्थचा कोश नव्हता. बोलणारी माणसे हाच त्यांचा कोश होता. त्यांनी लिहिलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या निधनानंतर, १६४० साली, छापले गेले. नायगावची विद्यार्थिनी आणि साष्टीचा हा विद्यार्थी यांच्यात दोनशे वर्षांचे अंतर आहे. पण शिकलेला शब्द दुसऱ्याच्या उपयोगी पडावा, ही ओढ दोघांची एकच.

आता आपल्या काळाकडे वळू. २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे, असे सुचविले आहे. शिरवळच्या ज्या परिसरात एके काळी मिशनऱ्यांच्या पुस्तकाचे अप्रूप होते, तेथे आज कारखाने उभे आहेत. इंग्रजीची गरज कोणी नाकारू नये. धर्मग्रामातील आईवडील पोटाला चिमटा काढून मुलांना इंग्रजी शाळेत घालतात, त्यामागे सावित्रीबाईंना जाणवलेलीच तळमळ आहे. काळजी वाटते ती एका गोष्टीची. मुलाला इंग्रजी शब्द पाठ येतो आणि त्याचा अर्थ मायबोलीत सांगता येत नाही. आजीची मराठी त्याला अर्धीच कळते आणि शाळेची इंग्रजीही अर्धीच. अशा मुलाला घरात बोलायला शब्द अपुरे पडतात आणि बाहेर बोलण्याचे धैर्य होत नाही.

यावर उपाय खर्चाचा नाही. मुलाने इंग्रजीत जो धडा वाचला असेल, तो त्याने रात्री जेवताना घरच्यांना मराठीत सांगावा. आईला इंग्रजी येत नसेल तर अधिकच चांगले. तिला समजेपर्यंत सांगताना त्याला तो धडा खरोखर समजेल. नवा शब्द वहीत उतरवताना शेजारी मराठी शब्द लिहावा आणि त्याचे एक वाक्य स्वतः करावे. थोरल्या बहिणीने धाकट्या भावाला शिकवावे. घरात एक इंग्रजी-मराठी कोश असावा आणि तो शोभेसाठी नसावा. जोतीरावांनी सावित्रीबाईंना आणि सावित्रीबाईंनी पुण्याच्या मुलींना याहून फार वेगळे काही केले नाही. आज जे शिकलो ते उद्या कोणाला तरी सांगितले.

१० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाईंचे देहावसान झाले. नायगावी त्यांचे स्मारक आहे आणि ३ जानेवारीला तेथे दूरदूरहून लोक येतात. पालकांनी आपल्या शाळकरी मुलांना घेऊन एकदा तेथे जावे. येताना शिरवळला थांबून, या मुलीला अक्षर येत नसताना तिने पुस्तक का जपले असेल, हे मुलांना विचारावे. मुले उत्तर मराठीत देतील की इंग्रजीत, याची चिंता करू नये. त्यांना स्वतःचे उत्तर सुचावे आणि ते त्यांनी पुरत्या वाक्यात सांगावे.