तारेचे कुळ आणि तारेचे मोल

सुरतेहून निघून तापीच्या खोऱ्यातून अमळनेरकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा ही ठाणी जोडीत पुरा झाला, तेव्हा रुळांच्या सोबतीने खांबांची एक रांगही तेव्हाच्या अविभक्त खानदेश जिल्ह्याच्या या पश्चिम भागात येऊन उभी राहिली. आणि त्या खांबांवर ताणलेल्या लोखंडी तारेतून स्टेशनमास्तरांच्या यंत्रापर्यंत जे पोहोचे ते एवढेच असे की, या क्षणी प्रवाह आहे, किंवा या क्षणी प्रवाह नाही. आज नंदुरबार, शहादे किंवा तळोदे येथील एखादा गृहस्थ आपला टीव्ही ध्वनियंत्राला जोडण्यासाठी जी हात-दोन हात लांबीची डिजिटल केबल विकत आणतो, ती थेट याच तारेच्या कुळातली आहे. तिची किंमत मात्र दुसऱ्याच एका कुळाच्या मानाने आकारली जाते. दोन-चारशे रुपयांच्या केबलीशेजारी पाच-दहा हजारांची केबल विक्रीस ठेवलेली असते, आणि ध्वनिरसिकांच्या खास बाजारात तर हा आकडा लाखाची वेस सहज ओलांडतो. हे मोल रास्त आहे काय, याचा निवाडा कानांवर सोपवण्यापूर्वी तारेची वंशावळ तपासणे मला अधिक न्याय्य वाटते.

या कुळाचा मूळपुरुष म्हणजे तारायंत्र. कंपनी सरकारच्या नोकरीतील विल्यम ओशॉनेसी या वैद्याने १८३९ साली कलकत्त्याजवळ कित्येक मैल तार ताणून तिच्यातून संदेश पाठविण्याचे प्रयोग केले, १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली कामाची तार सुरू झाली, आणि १८७० साली सुएझ व एडनमार्गे समुद्रतळावरून आलेली तार मुंबईस येऊन लागली. परंतु या कुळाचा सर्वांत बोधप्रद प्रसंग अटलांटिक महासागरातला आहे. १८५८ साली युरोप आणि अमेरिका यांना जोडणारी तार प्रथम पडली, तेव्हा व्हिक्टोरिया राणीचा अवघ्या ९८ शब्दांचा संदेश पलीकडे उमटण्यास सोळा तास लागले. आणि संदेश नीट उमटेना म्हणून वाइल्डमन व्हाइटहाउस या अधिकाऱ्याने तारेत अतिरिक्त दाबाची वीज सोडल्यावर काही आठवड्यांतच ती तार कायमची मुकी झाली. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ख्यातकीर्त झालेले पदार्थवैज्ञानिक, यांनी याचे कारण आधीच गणिताने मांडून ठेवले होते: लांब तारेत विजेचा ठोका पसरट होत जातो, आणि लांबी दुप्पट झाली की हा विलंब चौपट होतो. एक ठोका दुसऱ्यात मिसळला की वाचणाऱ्यास काहीच उमगत नाही. पण जोवर दोन ठोके वेगळे ओळखू येतात, तोवर तार लोखंडाची असो की तांब्याची, संदेशातील अक्षर बदलत नाही. नंदुरबारच्या स्टेशनात कडकट्ट वाजणाऱ्या यंत्रावर गाडी सुटल्याची वर्दी आली, तर गंजक्या तारेतून आल्यामुळे ती गाडी काही उशिरा सुटलेली ठरत नसे.

१८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या दूरध्वनीने या घराण्यात एक निराळी शाखा सुरू केली. येथे प्रवाह ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा उरला नाही. माणसाच्या आवाजाबरोबर तो चढू-उतरू लागला, आणि त्या चढ-उताराच्या बारीकसारीक वळणांतच आवाजाचा सारा गोडवा साठू लागला. साहजिकच तारेने त्यात जे घटविले ते आवाजातून घटले, आणि वाटेत जी खरखर मिसळली ती आवाजात मिसळली. दूरच्या पल्ल्यासाठी मधूनमधून प्रवर्धक बसवावे, तर ते आवाजाबरोबर खरखरही वाढवीत. जसे कचेरीतील नकलनवीसाने मूळ दस्तऐवज बाजूस ठेवून नकलेवरून नक्कल आणि त्या नकलेवरून पुन्हा नक्कल उतरवावी, आणि प्रत्येकाच्या हातून झालेली चूक पुढच्याने इमानाने वाढवीत न्यावी. या शाखेत तारेची प्रत खरोखरच महत्त्वाची आहे, आणि ते मी आवर्जून सांगतो. दत्तजयंतीला सारंगखेड्यास तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा व्यासपीठावरच्या माइकपासून ध्वनियंत्रापर्यंत जी लांबच लांब वायर जमिनीवरून गेलेली असते, तिच्यात जनरेटरची घरघर शिरू नये म्हणून साउंडवाला चांगल्या वेष्टणाची, पिळाच्या जोडीची वायर वापरतो, आणि तिच्यासाठी त्याने मोजलेला पैसा सत्कारणी लागतो.

दूरध्वनीच्या या दुखण्यावर ज्याने मुळातून उपाय शोधला, तो अॅलेक रीव्ह्‌ज हा इंग्रज अभियंता. पॅरिसमधील एका टेलिफोन प्रयोगशाळेत काम करीत असता १९३७ साली त्याच्या मनात असे आले की, आवाजाचा चढ-उतार जसाच्या तसा तारेवर घालण्याऐवजी एका सेकंदात हजारो वेळा त्याचे माप घ्यावे, ते माप अंकात मांडावे, आणि तो अंक ठोका आहे किंवा नाही एवढ्याच रूपाने तारेत सोडावा. म्हणजे वाटेत ठोका कितीही मळला तरी पुढच्या ठाण्याने तो ओळखून अगदी नवा कोरा ठोका पुढे धाडावा, आणि खरखर तेथल्या तेथे गळून पडावी. दूरध्वनीला परत तारायंत्राच्या कुळात दत्तक देण्याचीच ही कल्पना होती. १९३८ साली त्याने तिचे पेटंट मागितले. परंतु त्या काळच्या काचेच्या व्हॉल्व्हांनी ती परवडण्याजोगी नव्हती. ट्रान्झिस्टर आल्यावर, १९६२ साली, अमेरिकेतील बेल कंपनीने टी-वन नावाची योजना प्रत्यक्ष चालू केली, आणि शहरांच्या रस्त्यांखाली पूर्वीपासून पुरलेल्या सामान्य टेलिफोन तारांच्या अवघ्या दोन जोड्यांवरून एकाच वेळी चोवीस संभाषणे नेऊन दाखविली. या तारांतून दर सेकंदास पंधरा लाखांहून अधिक ठोके जात, आणि त्यांना नवे रूप देणारी ठाणी सुमारे सहा-सहा हजार फुटांवर असत.

हे दोन्ही आकडे वाचकाने ध्यानात ठेवावेत. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनी कंपनीचा पहिला सीडी प्लेअर जपानात विक्रीस आला. त्याच्या तबकडीवर प्रत्येक कानासाठी सेकंदाला ४४,१०० मापे नोंदलेली असत. ही मापे एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेण्यासाठी सोनी आणि फिलिप्स यांनी जी पद्धत ठरविली, तिच्यात वेष्टनासह सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० अंक धावतात, म्हणजे टी-वनच्या दुपटीहूनही कमी. १९८३ साली तोशिबाने हेच अंक लाल प्रकाशाच्या रूपाने प्लॅस्टिकच्या तंतूतून नेण्याची सोय केली, आणि १९८५ साली ध्वनिमुद्रणगृहांसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध झाले. घरगुती तांब्याच्या केबलीस ७५ ओहमचा रोध सांगितला आहे, आणि गावोगावी केबलवाल्याने छपरांवरून नेलेली काळी तार नेमकी ७५ ओहमचीच असते. जुन्या टेलिफोन तारेने सहा हजार फुटांवर जे काम बिनतक्रार केले, त्याच्या दुपटीहूनही कमी काम तीन फुटांवर करण्यास चांदीची तार लागते, हे म्हणणे मला कोणत्याही अंगाने पटत नाही.

मग ही किंमत आली कोठून? १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नोएल ली यांनी मॉन्स्टर या नावाने स्पीकरच्या जाड तारा विकण्यास आरंभ केला. तोवर लोक स्पीकरला दिव्याचीच वायर जोडीत असत. लांब अंतरावर जाड तारेचा रोध कमी असतो, आणि स्पीकरकडे जाणारा प्रवाह चढ-उताराचाच असल्यामुळे तेथे जाडीचा उपयोग खरा होता. पण त्यातून एक व्यापारी शिरस्ता पडला, की तार जितकी महाग तितका नाद शुद्ध. आणि डिजिटल केबल बाजारात आली तेव्हा कुळ बदलले असूनही तो शिरस्ता तिला बिनचौकशी लागू झाला. आता प्रकाशतंतूच्या केबलीच्या टोकांनाही सोन्याचा मुलामा देऊन विकतात. तांब्याच्या पिनेवर सोने असले तर ती गंजत नाही, एवढा तरी त्याचा उपयोग आहे. प्रकाश तर धातूतून जातच नाही.

अंकाचा स्वभाव कसा असतो, याचे प्रत्यक्ष उदाहरण याच नंदुरबार जिल्ह्यात आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली या गावी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या बारा आकड्यांपैकी शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून, याकोबस व्हरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीने काढलेला असतो, आणि लिहिताना एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर रुजुवातीत तो क्रमांक तत्काळ नामंजूर होतो. क्रमांक जाड कार्डावर छापला म्हणून अधिक खरा होत नाही. डिजिटल केबलीतील प्रत्येक मापासोबतही चूक कळविणारा एक अंक जातो. तो चूक दुरुस्त करीत नाही, हे खरे. म्हणूनच केबल खरोखर सदोष असली तर फटफट ऐकू येते, आवाज मध्येच तुटतो किंवा बंद पडतो. पण पावरीचा सूर किंचित मवाळ व्हावा, ढोलाचा घुमारा जरा खोल जावा, अशी नाजूक चूक अंकांच्या हातून होत नाही; कारण तसे होण्यास लक्षावधी अंक एका विशिष्ट हिशेबाने, संगनमताने बदलावे लागतील.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र विचारार्ह आहे. अंक बरोबर आले तरी ते नेमक्या क्षणी आले पाहिजेत, आणि सोनी-फिलिप्स पद्धतीत घड्याळही त्याच तारेतून येते. १९९२ साली ख्रिस डन आणि माल्कम हॉक्सफर्ड यांनी या उणिवेवर शोधनिबंध लिहिला, आणि तो यथार्थ होता. परंतु त्याचे उत्तर यंत्रकारांनी दिले आहे: आलेले अंक क्षणभर साठवून यंत्र आपल्याच घड्याळाने ते पुढे सोडते, आणि आजच्या बऱ्याच यूएसबी यंत्रांत तर घेणाऱ्याच्याच घड्याळाचा अंमल चालतो. दुसरा दोष घरघरीचा. तांब्याच्या वेष्टणातून दोन यंत्रांचे अर्थिंग जोडले गेले की इन्व्हर्टरची कुरकुर आवाजात शिरू शकते. त्यावर प्रकाशतंतूची साधी केबल हाच उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. तिसरी गोष्ट लांबीची, म्हणजे टॉमसनचा जुनाच नियम. शाळेच्या सभागृहात दहा-पंधरा मीटरवरच्या पडद्यापर्यंत एचडीएमआय न्यायची असेल, तर प्रमाणित आणि थोडी महाग केबलच घ्यावी. तेथे काटकसर अंगाशी येते.

ज्याच्या मनात तरीही संशय उरेल, त्याने डीटीएस पद्धतीने मुद्रित केलेली तबकडी मिळवावी. तिच्यातील अंक जसेच्या तसे पोहोचले तरच ध्वनियंत्राला संगीत उलगडते, वाटेत ते बदलत गेले तर नुसता गोंगाट ऐकू येतो. आणि दोनशे रुपयांच्या केबलीतूनही ते संगीत उलगडते, तेव्हा त्याहून अधिक शुद्धता कोणत्याच केबलीला विकता येणार नाही. घरगुती अंतरासाठी काही शेकड्यांपलीकडे पैसे देऊ नयेत. पिन घट्ट बसते की नाही आणि तांब्याची केबल ७५ ओहमची आहे की नाही एवढे पाहावे, आणि वाचलेली रक्कम चांगल्या स्पीकरांसाठी राखून ठेवावी.