छत्तीस हजारांचा एक फोटो

२६ जुलै आला की आपल्या सगळ्या ग्रुपवर टायगर हिलचे फोटो फिरतात. फिरायलाच हवेत. पण कारगिलच्या लढाईची आणखी एक गोष्ट आहे, ती बाजारभावाची. ती फारशी कुणी सांगत नाही, म्हणून आज लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

१९९९ चा मे-जून. डोंगरमाथ्यावर पाकिस्तानी सैनिक मोर्चे बांधून बसलेले, आणि आपले जवान खालून सरळ चढणीवर. त्यांना आधार काय, तर मागून चालणाऱ्या तोफा. त्या लढाईत आपल्या तोफखान्याने तोफगोळे, मॉर्टर आणि रॉकेटं मिळून साधारण अडीच लाख डागले. ऐन भरात रोजचे पाच हजार. टायगर हिल घेतली त्या दिवशी तर नऊ हजार!

एवढा माल कोठारात होता का? नव्हता. १९८६ मध्ये आपण ४१० बोफोर्स तोफा घेतल्या. पुढच्याच वर्षी दलालीचं प्रकरण बाहेर आलं आणि बोफोर्स हे नाव शिवीसारखं झालं. तोफा उत्तम होत्या, पण त्यांच्या सुट्या भागांच्या फायलीवर सही करायलाही हात कचरू लागले. त्यात १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेचे निर्बंध आले. अशात लढाईला तोंड फुटलं. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मलिक पत्रकारांना म्हणाले होते, की आमच्याकडे जे आहे त्यावर आम्ही लढू. वाक्य शूराचं आहे, पण आमच्या धंद्यातल्या माणसाला त्यात गोदामाचा हिशेबही ऐकू येतो.

मग सरकार बाहेरच्या बाजारात उतरलं. तिथे काय झालं ते खुद्द मलिक यांनी २०१९ मध्ये चंदीगडच्या एका कार्यक्रमात सांगितलं. देशांची नावं घेतली नाहीत, पण ज्याच्याकडे गेलो त्याने जमेल तितकं लुबाडलं, असा त्याचा अर्थ. तोफा मागितल्या, तर जुन्याच डागडुजी करून दिल्या. दारूगोळा मागितला, तर १९७० च्या दशकातला निघाला. उपग्रहाचे फोटो एकेक ३६ हजार रुपयांना घेतले, आणि ते तीन वर्षांपूर्वीचे!

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावायला नको. पाऊस पडून गेलाय, युरिया संपलाय, अशा वेळी दुकानदार सांगेल तो भाव, वर नको असलेली लिंकिंगची बाटली गळ्यात.

तरी एक गोष्ट लक्षात घ्या. तोफगोळा तयार करून कुणी फळीवर ठेवत नाही. पोलाद, दारू, फ्यूज, मग भरणी आणि चाचणी, या सगळ्यात महिने जातात. त्यामुळे ‘लगेच पाहिजे’ म्हटलं की जे मिळतं ते बहुधा कुणाचा तरी पडून राहिलेला माल असतो. आणि ताजा माल मागवला, तर तो येईपर्यंत लढाई संपते. कारगिलमध्ये तेच झालं. कॅगने २००१ च्या अहवालात नोंदवलं, की त्या घाईच्या खरेदीतला बहुतांश माल युद्ध थांबल्यावर पोचला. जुना पैसे देऊन, नवा उशिराने. दोन्हीकडून आपणच.

मग भरपूर घेऊन ठेवायचा ना? तेही सोपं नाही. दारूगोळ्याला मुदत असते. ३१ मे २०१६ ला पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली, सदोष सुरुंगांवर बोट ठेवलं गेलं आणि पंधराहून अधिक जवान व अग्निशामक कर्मचारी गेले.

माझं मत विचाराल तर दोष दलालीची चौकशी केली यात नाही. चौकशी व्हायलाच हवी होती. दोष आहे तो कंपनीला दार लावताना दुसरं दार उघडून न ठेवण्यात. बोफोर्सनंतर आपण हेच पुन्हा केलं. २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या डेनेलला बाद केलं आणि तोफांच्या चार्जसाठी उभा राहणारा नालंदाचा कारखाना रखडला.

आणि कारगिलनंतर शहाणपण आलं म्हणाल, तर २०१७ चा कॅग अहवाल बघा. सप्टेंबर २०१६ मध्ये १५२ पैकी ६१ प्रकारचा दारूगोळा दहा दिवसही पुरणार नव्हता. त्याच महिन्यात उरीचा हल्ला झाला आणि पुन्हा तातडीची खरेदी निघाली. पुन्हा आपण गरजू गिऱ्हाईक.

आपल्या राज्यात वरणगावला काडतुसं होतात, भद्रावतीला मोठे गोळे भरले जातात. ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने म्युनिशन्स इंडिया नावाच्या सरकारी कंपनीत आहेत, मुख्यालय पुण्यात. कंपनी म्हटलं की तिला वर्षभर ऑर्डर लागते, फक्त लढाईच्या महिन्यात नाही. तुमच्या खासदाराची सभा झाली की पाकिस्तानवरच्या भाषणाला टाळ्या वाजवा, आणि मग एवढंच विचारा: यंदा वरणगावला किती काडतुसांची ऑर्डर आहे, आणि पुढच्या वर्षीची आत्ताच दिलीय का?